तीन कॅसेट आणि एक्केचाळिसावा दिवस

ओपीडी संपत आली होती. नणंद-भावजय लॅबच्या खिडकीशी आल्या. "मॅडम, वहिनीची प्रेग्नन्सी टेस्ट घरी तीनदा केली, तिन्ही वेळा नाहीच आलं. डॉक्टरांना पाळी यायच्या गोळ्या तेवढ्या लिहून द्यायला सांगा ना," असं म्हणत नणंदेने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन वापरलेल्या कॅसेट, म्हणजे टेस्ट किटच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, पुढे ठेवल्या. डॉक्टरांनी मात्र चिठ्ठीवर आधी लघवीची टेस्ट लिहिली होती. टेस्टशिवाय त्या गोळ्या द्यायच्या नाहीत, हा आमच्याकडचा नियमच.

वापरलेली किट सोबत आणणारे पेशंट क्वचितच भेटतात, त्यामुळे आधी त्याच बघितल्या.

पहिली टेस्ट भावजयीने पाळी आल्यापासून २९व्या दिवशी केली होती. मी विचारलं, "तुमची पाळी एरवी किती दिवसांनी येते?" "अडतीस-चाळीस." मग २९ कुठून आलं? मैत्रिणीने सांगितलं होतं, २८ दिवस झाले की दुसऱ्या दिवशी कर. गोम इथेच होती. बीज सुटतं ते साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी. ३८ दिवसांच्या चक्रात ते २४व्या दिवसाच्या आसपास सुटणार. गर्भ गर्भाशयाला चिकटायला त्यानंतर ६ ते १२ दिवस लागतात आणि चिकटल्यावरच एचसीजी, म्हणजे किट शोधतं ते गर्भारपणाचं संप्रेरक, तयार होऊ लागतं. म्हणजे २९व्या दिवशी किटला सापडण्याजोगं लघवीत काही नव्हतंच. बहुतेक किट लघवीतलं एचसीजी मिलीलीटरमागे २५ मिलि-आययूच्या (हे मोजायचं एकक) पुढे गेलं तरच रेष दाखवतात.

नणंदेने त्याच कॅसेटवर बोट ठेवलं. "पण आता इथे पुसट रेष दिसतेय की!" दिसत होती, पण राखाडी, रंग नसलेली. लघवी वाळली की अशी रेष उमटते. निकाल ५ मिनिटांनी बघायचा, १० मिनिटांनंतरचा धरायचा नाही. उलट वेळेत आलेली गुलाबी रेष कितीही फिकी असली तरी ती पॉझिटिव्हच.

दुसरी ३३व्या दिवशी, रात्री जेवणानंतर केलेली. ॲसिडिटीमुळे दिवसभर पाणी पिणं चालू होतं. आधीच एचसीजी जेमतेम, त्यात लघवी पातळ. सुरुवातीच्या दिवसांत सकाळची पहिली लघवी घ्या म्हणतात ते यासाठीच. आठवडाभर उशीर झाल्यावर वेळेने फारसा फरक पडत नाही.

तिसरीवर सी ची, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची, रेषच नव्हती. ती निगेटिव्ह नाही, बाद. पाऊच आदल्या रात्रीच फाडून ठेवलेलं, बाहेर आषाढाचा पाऊस. पट्टीने ओल धरली असणार. शिवाय ड्रॉपर भरून ओतल्यामुळे कॅसेटची खिडकी पूर्ण लालसर झाली होती. तीन थेंब पुरतात, तेही एकेक करून. काही किटना दोन लागतात, पाकिटावर लिहिलेलं असतं.

आजचा दिवस ४१वा. लघवी सकाळची नव्हती, तरी दुसऱ्या मिनिटालाच टी ची, म्हणजे टेस्टची, रेष उठून दिसली. भावजय काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून बसून राहिली.

उजव्या बाजूला खाली थोडं दुखतंय, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. त्यामुळे रक्तातलं बीटा एचसीजी मागवलं गेलं: ३१०. बरोबर ४८ तासांनी पुन्हा, ६९०. वाढ चांगली होती. पण नुसत्या आकड्यावरून गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत नाही असं म्हणता येत नाही. म्हणून चक्कर आली, खांदा दुखू लागला किंवा पोटात जोराची कळ आली तर रात्र असली तरी निघून या, असं दोघींना बजावलं.

नणंदेला सोनोग्राफी पहिल्याच दिवशी हवी होती. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर जवळजवळ सहा आठवडे भरत होते, पण बीज उशिरा सुटल्यामुळे गर्भ खरा साडेचार आठवड्यांच्या मापाचा. तेव्हा काढली असती तर गर्भाची पिशवी बहुधा दिसलीच नसती आणि घरात नुसती घबराट. दुखणं वाढलं नाही तर दोन आठवड्यांनी या, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि फॉलिक ॲसिड त्याच दिवशी सुरू केलं.