तामसुई: किल्ल्यापेक्षा शेजारचा बंगला बघा

तैपेईहून लाल मेट्रोचं शेवटचं स्टेशन तामसुई, साधारण चाळीस मिनिटं. पुढे 'रेड २६' बस सान डोमिंगो किल्ल्यापाशी सोडते. शनिवार-रविवारी मात्र जुन्या बाजाराचा अरुंद रस्ता असा तुंबतो की नदीकाठाने चालत गेलेलं परवडतं.

किल्ला डचांनी १६४४ मध्ये उभारायला घेतला. १८६७ पासून इंग्रजांनी तो भाड्याने घेऊन तिथे वकिलात थाटली. तळमजल्यावर त्यांनी कोठड्या केल्या, कारण तहांमुळे ब्रिटिश प्रजेवर चिनी कायदा चालत नसे. न्याय आणि तुरुंग दोन्ही कॉन्सुलच्या हातात. लोक लाल भिंतींसमोर फोटो काढतात, कोठडीत डोकावतात आणि खाली उतरतात. इथेच चुकतं.

शेजारी विटांचं दुमजली घर आहे, ते कॉन्सुलचं निवासस्थान. आत शिरण्याआधी जोत्याशी वाका. जोतं मुद्दाम उंच घेतलंय आणि त्यात झरोके सोडलेत, म्हणजे जमिनीखालून वारा खेळतो आणि ओल वर चढत नाही. तामसुईत पाऊस आणि दमट हवा दोन्ही भरपूर, त्यामुळे ही सोय चैनीची नव्हे. बाहेरून कमानींचा रुंद व्हरांडा, म्हणजे ऊन-पाऊस खोल्यांच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. पुण्याच्या कॅम्पातले जुने बंगले पाहिलेल्याला हे डोकं लगेच ओळखू येईल. हिंदुस्थानात मुरलेली घरबांधणी इंग्रजांनी पूर्वेला नेली. पण आत शेकोट्याही आहेत! हिवाळ्यात ईशान्येचा ओला वारा सुटतो, तेव्हा त्या लागतातच.

कठड्याला हिरव्या झिलईचे फुलदाणीच्या आकाराचे खांब आहेत. दर्शनी भिंतीवर विटेत कोरलेलं व्हिक्टोरिया राणीची 'व्हीआर' ही आद्याक्षरं आणि १८९१ हे साल शोधा. खोल्यांची सजावट मला फर्निचरच्या दुकानासारखी वाटली. तिथे रेंगाळू नका, व्हरांड्यात थांबा.

१९७२ मध्ये इंग्रज गेले. मग जागेची राखण आधी ऑस्ट्रेलियाने, नंतर अमेरिकेने केली. तैवानला ती मिळाली १९८० मध्ये.

तिकीट ८० तैवान डॉलर. त्यातच होबे किल्ला आणि जुन्या कस्टम अधिकाऱ्याचं पांढरं घरही होतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळं बंद. होबेपर्यंत चढ आहे, उन्हाळ्यात दुपारी तो टाळा.