हा कागद कुणाचा?

ती आयसीटीसीच्या, म्हणजे आमच्या एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या, दारात आली तेव्हा बाळ दीड महिन्याचं होतं आणि पदराच्या गाठीत एक रिपोर्ट बांधलेला.

"मॅडम, पोराला बी हाय म्हनं."

ऊसतोडीच्या टोळीतली पोर. कळा सुरू झाल्यावरच आमच्याकडे आलेली, आधीची एकही तपासणी नाही. लेबर रूममध्ये बोटातल्या रक्ताची एचआयव्ही टेस्ट रिॲक्टिव्ह आली, म्हणजे लागण असण्याची शक्यता दिसली. लगेच तिच्या गोळ्या सुरू केल्या आणि जन्मल्यावर बाळाचं औषधही.

मधे बाळाला ताप आला म्हणून एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे साधी अँटिबॉडी टेस्ट, म्हणजे व्हायरसविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी टेस्ट, करून कागद हातात दिला, समजावलं काहीच नाही. नवऱ्याने 'आता काय उपयोग' म्हणून चार दिवस बाळाचं औषधच बंद ठेवलं. त्या चार दिवसांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आईच्या अँटिबॉडीज नाळेतून बाळात उतरतात आणि 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात. तोवर अशी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तरी बाळाला लागण झालीय असं त्यावरून म्हणता येत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "अगं, हा कागद तुझा आहे. बाळाचा अजून यायचाय."

डॉक्टरांना विचारून औषध तिथेच पुन्हा सुरू केलं. मग टाच शेकून लॅबवाल्या दादांनी कडेला टोचलं. पहिला थेंब पुसला, पुढचे कार्डावरच्या पाच गोलांवर. तिसरा गोल भरेना. बाळ रडून लालबुंद, ती त्याच्या पायावर हात ठेवून गप्प. कार्ड सावलीत वाळत ठेवलं. लाल डाग तपकिरी होताना ती बघत बसली.

"वाळलं की कळतं का?"

"नाही गं. हे मोठ्या लॅबला जातं. तिथे व्हायरसच शोधतात."

जाताना म्हणाली, "मुकादमाच्या फोनवर काही सांगू नका." सांगणार नव्हतेच. पुढच्या महिन्यातली एक तारीख ठरवली.

त्या तारखेला ती आली. व्हायरस आढळला नव्हता. तिने रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो कुनाचा?"

"हा बाळाचा."

पण दूध अंगावरचं, म्हणजे धोका संपलेला नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा टेस्ट, आणि शेवटची 18 महिन्यांनंतर, दूध सुटल्यावर. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की टोळी बीडला परतणार. तिथल्या एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, नावाची चिठ्ठी मी लिहून दिली. तिने ती बाळाच्या रिपोर्टात घडी घालून ठेवली, आणि दोन्ही एकाच गाठीत बांधलं.