नॅशुआतली प्रायमरी, २०२०

२६ जानेवारी, रविवार

जेवायला बसलं की बेल वाजते असं गेला महिनाभर चाललंय. दार उघडावं तर भिजलेले बूट, हातात क्लिपबोर्ड, बॉस्टनहून नाहीतर पार कॅलिफोर्नियातून आलेली कॉलेजची पोरं. बाहेर एवढा बर्फ, मी त्यांना सरळ आत बोलावते आणि चहा देते. नवरा वैतागतो, म्हणतो अशाने त्यांच्या यादीत आपल्या पत्त्यापुढे 'इथे चहा मिळतो' असं लिहून ठेवतील. आम्ही दोघंही अनडिक्लेअर्ड, म्हणजे कुठल्याच पक्षात नोंदणी नाही, आणि न्यू हँपशरमध्ये अशा मतदाराला प्रायमरीच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाच्या, दिवशी जाऊन कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते, त्यामुळे आमचं घर म्हणजे सगळ्यांना हवंहवंसं.

सिनेटर मंडळी सध्या ट्रंपवरच्या महाभियोगापायी वॉशिंग्टनला अडकून पडलीत. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतले सँडर्स, वॉरन, क्लोबुचार तिघंही. तोंड बंद ठेवून बसायचं, सुट्टी मिळाली की विमान पकडायचं. वॉरनबाईंनी तर आयोवात नवऱ्याला आणि कुत्र्याला प्रचाराला पाठवलंय. मोकळं रान शर्यतीतल्या बुटीजेजला आणि बायडेनना.

आणि इकडे माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज तुलसी गबार्ड, तीही याच शर्यतीत. हिंदू आहे, गीतेवर हात ठेवून शपथ घेतलीय, हिलाच मत दे गं. अहो काकू, ती भारतीय वंशाची नाही, आणि डिसेंबरात महाभियोगाचं मतदान झालं तेव्हा बाई 'प्रेझेंट' म्हणून मोकळी झाली. हो म्हण नाहीतर नाही म्हण, हजेरी कसली लावतेस! कमला हॅरिसची आई खरोखरची चेन्नईची, ती डिसेंबरच्या सुरुवातीलाच शर्यतीतून बाहेर पडली तेव्हा आमच्या ग्रुपवर चकार शब्द नव्हता. मी यातलं काहीही ग्रुपवर लिहिलं नाही, हात जोडायचा इमोजी टाकला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आयोवाने स्वतःचं हसं करून घेतलं. सोमवारी रात्री कॉकस, म्हणजे मतपत्रिकेऐवजी सभा भरवून उमेदवार निवडणं, शाळांमधून आणि चर्चमधून माणसं कोपऱ्याकोपऱ्यात उभी करून मोजली, इथपर्यंत ठीक, पण निकाल कळवायचं अ‍ॅपच गंडलं. मग म्हणे फोन करा, तर फोन लागेना. मी आयुष्य सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये घालवलंय, त्यामुळे टीव्हीसमोर बसून माझा जीव नुसता तडफडत होता. अख्ख्या राज्यात एकाच रात्री वापरायचं अ‍ॅप, त्याची तेवढ्या लोडवर चाचणी नाही? आमच्याकडे साधं लॉगिनचं पान असं बाहेर सोडलं तर मॅनेजर घरी फोन करतो. अजून निकाल पुरा नाही, आणि बुटीजेज सोमवारी रात्रीच जिंकल्यासारखं बोलून इकडे आलासुद्धा. आत्मविश्वास म्हणावा की आगाऊपणा, काय ते ठरत नाहीये.

काल बायडेन नॅशुआत होते. नवऱ्याला फार उत्सुकता, ओबामांच्या काळापासून त्यांच्यावर लोभ. माझं मत विचाराल तर माणूस म्हणून मला आवडले, उमेदवार म्हणून काळजी वाटली. वाक्य सुरू होतं, मध्येच दुसरं निघतं, मग 'असो' म्हणून तिसरंच. पण भाषण झाल्यावर लोकांमध्ये उतरले तेव्हा वेगळेच दिसले. माझ्यापासून चार हातांवर एक बाई रडत काहीतरी सांगत होती, मुलगा गेला एवढंच मला ऐकू आलं, आणि त्यांनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही, शेजारचा कार्यकर्ता घड्याळ दाखवतोय, मागे माणसं खोळंबलीत, यांचं लक्षच नाही. या माणसाने १९७२ मध्ये बायको आणि लहानगी मुलगी अपघातात गमावली आणि २०१५ मध्ये मोठा मुलगा कॅन्सरने. ते हात धरणं शिकवून येत नाही. पण हात धरल्याने मतं येतात का? आयोवात तरी फारशी आली नाहीत असं दिसतंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल रात्रीचं डिबेट इथूनच, मँचेस्टरच्या सेंट अँसेल्म कॉलेजमधून होतं. बायडेननी पहिल्याच उत्तरात सांगून टाकलं की आयोवात फटका बसला आणि इथेही बहुधा बसेल. अहो, परीक्षेला बसतानाच मी नापास होणार असं कोण सांगतं! नवऱ्याने कपाळाला हात लावला.

मला सगळ्यात जास्त कंटाळा आलाय तो एका प्रश्नाचा. ऑफिसात, ग्रोसरीच्या रांगेत, मुलाच्या मित्रांच्या आयांमध्ये सगळीकडे तेच, ट्रंपला हरवेल का. माझी टीमलीड म्हणते मला वॉरन आवडते पण लोक बाईला मत देणार नाहीत. शेजारचे म्हणतात मला बुटीजेज आवडतो पण लोक गे माणसाला मत देणार नाहीत. सँडर्स आवडतात पण लोक सोशॅलिस्ट म्हटलं की घाबरतात. हे 'लोक' कोण? प्रत्येकजण कुठल्यातरी ओहायोतल्या काल्पनिक काकांच्या वतीने मत द्यायला निघालाय, स्वतःचं मत घरी ठेवून.

माझी फूटपट्टी वेगळी आहे आणि ती बाबांची आहे. बाबा कणकवलीला मास्तर, राष्ट्र सेवा दलवाले. नाथ पै गेल्यावर आमच्या राजापूर मतदारसंघातून १९७१ मध्ये मधु दंडवते निवडून आले आणि नंतर कितीतरी वर्षं येतच राहिले. नानांची, म्हणजे दंडवत्यांची, सभा असली की बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. भाषणातलं मला ओ की ठो कळायचं नाही. पण १९७७ मध्ये नाना रेल्वेमंत्री झाले आणि सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम आला. आमच्या गावात तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती हो, कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ उजाडलं! पण बाबा कधीतरी मुंबईहून नागपूरला जाऊन आले आणि आल्या आल्या आईला सांगत होते, या वेळी पाठ नाय दुखली गो. तेव्हापासून कोणी कितीही मोठं बोलो, माझ्या डोक्यात एवढंच येतं की बाबा रे, तुझ्यामुळे आजवर कोणाची पाठ दुखायची थांबली ते सांग.

तर काल डिबेट बघता बघता तेच मोजत बसले. वॉरनबाईंकडे पक्कं उत्तर आहे, २००८ च्या मंदीनंतर बँकांनी आणि क्रेडिट कार्डवाल्यांनी गंडवलं तर तक्रार घेणारी सरकारी संस्था उभी राहिली ती मूळ त्यांची कल्पना. फोम म्हणायला हरकत नाही. उन्हाळ्यात त्यांच्या सेल्फीच्या रांगेत मी उभी होते, थकलेल्या दिसल्या नाहीत, आणि माझं नाव एकदाच विचारून बरोबर उच्चारलं. पण प्रत्येक प्रश्नाला एक योजना, प्रत्येक योजनेला एक आकडा, आणि हेल्थकेअरवर मात्र त्या आधी ठाम मग जरा मागे मग परत पुढे, तिथे माझा विश्वास डगमगला.

सँडर्स म्हणजे थेट आमचे समाजवादी. तेच विस्कटलेले केस, तोच हातवाऱ्यांचा आवेश, चाळीस वर्षं तेच भाषण आणि त्यातलं बरंचसं खरं. ऑक्टोबरात हार्ट अ‍ॅटॅक येऊनसुद्धा ७८ व्या वर्षी पुन्हा उभे. मला त्यांचं मेडिकेअर फॉर ऑल, म्हणजे सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा, पटतं, कारण गेल्या वर्षी नवऱ्याच्या गुडघ्याच्या एमआरआयसाठी विमा कंपनीशी जे झालं ते आठवलं तरी डोकं फिरतं, डॉक्टर म्हणतो करा, कंपनी म्हणते आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करा, आणि माझा विमा त्याच्या नोकरीला बांधलेला, म्हणजे त्याची नोकरी गेली तर दोघंही वाऱ्यावर. पण हे सिनेटमधून पास कसं करणार विचारलं की बर्नी म्हणतात लाखो लोक रस्त्यावर येतील. ओबामाकेअरमध्ये, म्हणजे ओबामांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यात, गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांसाठी ११ अब्ज डॉलर त्यांनीच भांडून घातले होते, ते का नाही सांगत सारखं? क्रांतीचं सांगतात, दवाखान्याचं विसरतात.

बुटीजेज वक्तृत्व स्पर्धेतला पहिला नंबर. अफगाणिस्तानात जाऊन आलेला, अडतीस वर्षांचा, अडखळणं माहीतच नाही. साउथ बेंडचा महापौर असताना १००० दिवसांत १००० पडीक घरांचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं आणि लावलाही, पण त्यात गरीब काळ्या वस्त्यांतल्या लोकांची घरं पाडली गेल्याची तक्रार आहे. बोलून झाल्यावर दहा मिनिटांनी तो नेमकं काय म्हणाला ते मला आठवत नाही, हे माझ्या वयामुळे असेल.

शर्यतीतल्या यांगचे प्रत्येक प्रौढाला दरमहा १००० डॉलर म्हणजे फोम नव्हे, अख्खी गादी. बिल कोण भरणार ते बघू. पण माणूस हसतमुख, आणि या सगळ्यांत एकटाच मशीनमुळे जाणाऱ्या नोकऱ्यांबद्दल बोलतो, आमच्या फील्डमध्ये तर ते रोज दिसतंय.

९ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या आजी रिटायर्ड नर्स, त्यांच्या आग्रहाने आज क्लोबुचारच्या सभेला गेले. परवाच्या डिबेटनंतर बाईंची एकदम हवा झालीय, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. विनोद जरा घासलेले, थोडा शाळेतल्या बाईंचा थाट. स्टाफला फार छळतात अशा बातम्या गेल्या वर्षी आल्या होत्या, विमानात काटा मिळाला नाही म्हणून कंगव्याने सॅलड खाल्लं आणि मग तो कंगवा असिस्टंटला धुवायला दिला म्हणे. हे मी विसरलेले नाही. असा बॉस मी भोगलाय.

पण मग त्यांनी मुलीच्या जन्माची गोष्ट सांगितली. बाळाला गिळता येत नव्हतं, ते हॉस्पिटलात, आणि आईला मात्र विम्याच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत घरी पाठवलं. तेव्हा त्या काही सिनेटर वगैरे नव्हत्या. मिनेसोटाच्या विधानसभेत खेटे घातले आणि बाळंतिणीला निदान ४८ तास राहू द्यायचा कायदा करून घेतला. आजींनी माझा दंड दाबला, म्हणाल्या मी त्या काळात वॉर्डात होते, टाके ओले असताना बायकांना व्हीलचेअरवरून दारापर्यंत सोडून यायचे मी.

चोवीसाचे अठ्ठेचाळीस. माझं ठरलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल रात्री मँचेस्टरमध्ये ट्रंपची सभा, त्यामुळे ट्रॅफिकची वाट, आणि तिकडे डरहॅमला युनिव्हर्सिटीत बर्नीची सभा आणि पाठोपाठ द स्ट्रोक्स बँडचा कार्यक्रम. आमचे चिरंजीव तिथे. घसा बसलेल्या आवाजात फोन, आई, बर्नीलाच दे, प्लीज. मी म्हटलं बघते. आई 'बघते' म्हणाली की काय ते त्याला लहानपणापासून कळतं.

सकाळी ऑफिसच्या आधी मत देऊन आले. शाळेचं जिम, दारात पालकांनी मांडलेला केक आणि कुकीजचा स्टॉल, आडनावाच्या अक्षराप्रमाणे टेबलं. लायसन्स दाखवलं, पत्ता सांगितला, टेबलावरच्या काकांनी माझं आडनाव मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडून दिला. डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागितली. ३३ नावं! हजार डॉलर भरले की कोणालाही उभं राहता येतं, त्यामुळे कधी न ऐकलेली माणसं, आणि शर्यत केव्हाच सोडून गेलेल्यांचीही नावं तशीच. अ‍ॅप नाही, बटण नाही, कागद आणि पेन. गोल काळा करताना सँडर्सच्या नावापाशी थांबले जराशी, बाबा असते तर त्यांनी तिथेच केला असता. मग क्लोबुचार. बाहेर पडताना दाराजवळच्या टेबलावर पुन्हा अनडिक्लेअर्ड व्हायच्या फॉर्मवर सही केली, म्हणजे दहा मिनिटांची डेमोक्रॅट. नवऱ्याने बायडेनना दिलं. सांगितलं नाही त्याने, पण चेहऱ्यावरून कळलंच.

रात्री साडेअकरा. सँडर्स पहिले, बुटीजेज अगदी थोड्या मतांनी मागे, आणि क्लोबुचार तिसरी, जवळपास २० टक्के! वॉरन ९ टक्क्यांवर, शेजारच्या राज्याची सिनेटर असून. बायडेन पाचवे, ते तर संध्याकाळीच साउथ कॅरोलिनाला निघून गेले, इथल्या कार्यकर्त्यांना स्क्रीनवरून नमस्कार. यांगने आज रात्रीच शर्यत सोडली. आजींनी फोन करून किंचाळूनच सांगितलं, जसं काही आम्ही दोघींनीच आणलं तिला तिसरं.

३ मार्च, मंगळवार

क्लोबुचारबाईंनी काल उमेदवारी मागे घेतली, बुटीजेजने परवा. आणि काल रात्री डलासमध्ये दोघंही बायडेनच्या बाजूने उभे. शनिवारी साउथ कॅरोलिनात काळ्या मतदारांनी बायडेनना असं काही उचललं की तीन आठवड्यांपूर्वी इथे पाचवा आलेला माणूस आज सगळ्यांचा आधार झालाय. राग आला का? थोडासा, मत जाऊन महिना पण नाही झाला. पण गणित कळतं, आणि साउथ कॅरोलिनातल्या बायांनी आमच्यासारखी डिबेटची चिरफाड करण्यापेक्षा ज्याला वर्षानुवर्षं ओळखतो त्याला दिलं, त्यात चूक काय काढणार. बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा १९९४ चा कायदा बायडेननी लिहिलाय, हे मी आज नीट वाचलं. म्हणजे त्यांच्याकडेही फोम आहे, सांगता येत नाही एवढंच.

संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टहून मेधाचा फोन. भयंकर तापलेली. तिने मागेच पोस्टाने मत पाठवून दिलं, बुटीजेजला, आणि आता तो शर्यतीतच नाही. बदलता येतं का म्हणून फोन केला तर एकदा दिलेलं मत परत मिळत नाही म्हणाले. वर मलाच ऐकवते, तुमच्याकडे येऊन हात मिळवतात, घरात चहा पितात, आमच्याकडे येतात ते फक्त चेक न्यायला. उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, न्यू हँपशरचे २४, कॅलिफोर्नियाचे ४१५, आणि शर्यतीत कोण उरणार ते ठरवायचं तुम्ही बर्फातल्या तीन लाख लोकांनी?

मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं, चहा यांच्यातला कोणीच प्यायला नाही गं, फक्त त्यांची पोरं.