दगड पुरण्याचं भाडं

"तासाचं भाडं मी भरतोय आणि तुम्ही दगड मातीत पुरताय?" हायड्रा क्रेनच्या घरघरीवर आवाज चढवून साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्तच होता. चार माणसांना न हलणारा धोंडा आम्ही क्रेनने उचलला होता आणि त्याचा तिसरा हिस्सा खड्ड्यात जाणार होता.

काम मावळातलं, डोंगरउतारावरच्या घराचं. घरासाठी जागा सपाट करताना निघालेले दगड एका कोपऱ्यात टाकले होते, त्यांचीच बाग करायची. त्यात दोन जाती होत्या. सुरुंगाने फुटलेले निळसर काळे, धारदार कडांचे. आणि कित्येक पावसाळे उघड्यावर काढलेले तपकिरी, कडा झिजलेले, अंगावर दगडफूल आलेले. मी फक्त दुसरे निवडले. साखळीने दगडफुलाची राखाडी खपली खरवडून निघते आणि पुन्हा धरायला वर्षं लागतात, म्हणून पट्टा वापरायचा असं ठरवलं होतं. ऑपरेटरला हा शहाणपणा फारसा पटला नाही. "म्याडम, दगडच हाय ना," एवढं बोलून त्याने पट्टा लावला.

साहेबांच्या डोक्यात उभे सुळके होते, कुठल्याशा हॉटेलाच्या दारातले. आपल्या सह्याद्रीत मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवेच एकावर एक बसलेत. समोरच्या कड्यावर त्या पट्ट्या दिसतच होत्या. म्हणून बागेतला प्रत्येक दगड लांबीने आडवा आणि सगळ्यांचा कल एकाच दिशेला हवा. एक जरी फिरला तरी ट्रकमधून ओतल्यासारखं दिसतं. शिवाय माथा थोडा मागे, उताराकडे झुकलेला ठेवला की पावसाचं पाणी दगडामागच्या मातीत, मुळांपाशी उतरतं.

सर्वांत मोठ्या दगडापाशी अडलं. दोनदा टेकवला, दोन्ही वेळा उपरा वाटला. आमचे मिस्त्री साठीचे, जन्म दगडात गेलेला. त्यांनी हात वर करून क्रेन थांबवली, खाली वाकून दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं. एका बाजूला मातीची तांबूस रेघ होती. "ताई, इथवर तो जमिनीत होता. तेवढाच घाला." रेघेपर्यंत खड्डा घेतला, पहारीने तळ सारखा केला, दगड सोडला. तो बसला! मिस्त्रींनी त्यावर उभं राहून दोन्ही पायांनी दाबून पाहिलं, हलला नाही. साहेब लांब गेले, परत आले आणि भाड्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

झाडांवरून मात्र वाद झालाच. त्यांनी नर्सरीतून अगेव्ह आणि गोल सोनेरी कॅक्टस आणून ठेवले होते. मावळच्या पावसात उघड्यावर ते सडायची भीती, खाली खडी घातली तरी. मला हवी होती ती मंडळी त्याच उतारावर होती: सोनकी, तेरडा, आभाळी, भुईगेंद, बारीक गवतं. कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही जंगलातून रोपं उपटून आणायची नाहीत हा माझा नियम. प्लॉटवरचंच बी आधीच्या हिवाळ्यात गोळा केलं होतं. फटींत मुरूम, बारीक खडी आणि थोडी माती भरली. शेणखताच्या गोण्या परत पाठवल्या, तेव्हा माळीबुवा चांगलेच दुखावले. पण कातळावरची झाडं उपाशी मातीतली. खत घातलं की रान माजतं आणि पिवळा कॉसमॉस सगळं गिळतो; पुण्याच्या टेकड्यांवर जाऊन बघा. वरून त्याच दगडाची कपची पसरली, बी पहिल्या पावसानंतर टाकायचं ठरलं.

अगेव्हच्या कुंड्या पडवीत, छपराखाली गेल्या. उरलेल्या काळ्या, धारदार दगडांची घरामागे ताल, म्हणजे माती धरणारा दगडी बांध, घालायचं काम साहेबांनी मिस्त्रींना त्याच संध्याकाळी देऊन टाकलं, माझ्या अंदाजपत्रकातल्यापेक्षा कमी दरात.