चॅरिटी बेकिंग अपडेट: कपकेक बंद, कुकीज सुरू आणि हिशोबाची वही

मध्ये परीक्षा आल्या त्यामुळे अपडेट टाकायचं राहून गेलं, पण काम थांबलेलं नाही. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. मी, माझी धाकटी बहीण आणि एक मैत्रीण अशा आम्ही तिघी घरच्या छोट्या ओव्हनवर बेक करतो, ओळखीतल्या लोकांना विकतो आणि सुटणारे पैसे प्राण्यांच्या एका निवाऱ्याला देतो.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे फ्रॉस्टिंगवाले कपकेक बंद केले. दिसायला छान, फोटोला छान, पण त्यांना वेळ आणि बटर दोन्ही प्रचंड लागतं, नेताना चेपतात, आणि क्रीम चीज फ्रॉस्टिंग असेल तर दोन तासांच्या वर बाहेर ठेवता येत नाही, म्हणजे टेबल मांडून विकायचं तर अर्धं लक्ष घड्याळाकडे. त्याऐवजी आता एकच चॉकलेट चिप कुकी, दर वेळी तीच, दर वेळी तशीच. मला हे मनापासून पटलंय की चांगल्या कामासाठी विकतोय म्हणून माल कसाही चालेल असं नाही. लोक पहिल्यांदा कामासाठी घेतात, पण परत घेतात ते चवीसाठीच, आणि निवाऱ्याला एकदाच येणाऱ्या पैशांपेक्षा परत परत येणारे पैसे जास्त उपयोगी पडतात.

प्रमाण देते. 300 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम बटर, 200 ग्रॅम साखर (अर्धी पांढरी, अर्धी ब्राऊन), एक अंडं, 200 ग्रॅम चॉकलेट, अर्धा चमचा बेकिंग सोडा, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. मैदा 100 टक्के धरला तर बटर आणि साखर प्रत्येकी साधारण 67 टक्के, त्यामुळे ऑर्डर वाढली की फक्त मैद्याचा आकडा बदलायचा, बाकी सगळं त्या हिशोबाने येतं. कपाने मोजणं पूर्ण सोडा, प्लीज. एकच कप मैदा दाबून भरला आणि चाळून भरला तर वजनात भरपूर फरक पडतो, आणि तिघी जणी तीन हातांनी मोजणार असतील तर काटाच हवा. 40 ग्रॅमचा एक गोळा धरला तर वरच्या प्रमाणात 22-23 कुकीज होतात.

गोळे करून ट्रेवर कडक फ्रीझ करायचे, मग पिशवीत भरायचे. याने आमचं वेळापत्रकच सुटसुटीत झालं, म्हणजे सुट्टीच्या दिवशी डो (कुकीचं कच्चं मिश्रण) करून ठेवायचा आणि ऑर्डर आली की शाळा-कॉलेजनंतर फक्त भाजायचं. फ्रीझरमधून थेट ओव्हनमध्ये, एक-दोन मिनिटं जास्त, बस. फ्रीझ करायच्या आधी डो रात्रभर फ्रिजमध्ये राहिला तर आणखी उत्तम, मैदा ओलावा नीट शोषून घेतो, कुकी कमी पसरते आणि रंग गडद येतो.

भाजताना नजर कडेवर ठेवायची, मध्यावर नाही. 180 डिग्रीला कड सोनेरी होऊन कागदापासून सुटायला लागते, मध्य तेव्हा अजून फुगलेला, ओलसर आणि बोट लावलं तर खचेल असा असतो, आणि नेमकं तेव्हाच बाहेर काढायचं. ट्रे गरम असतो त्यामुळे बाहेर आल्यावरही आतून शिजत राहते, मध्य हळूहळू खाली बसतो, वर बारीक सुरकुत्या पडतात. मध्य पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलं तर थंड झाल्यावर कुकी कडक होते. आणि रॅकवर पूर्ण, म्हणजे पूर्ण गार झाल्याशिवाय पॅकिंग नाही, नाहीतर पिशवीत वाफ धरते आणि कड मऊ पडते.

आता हिशोब, कारण मला यावेळी खरं तर याबद्दलच लिहायचं होतं. खूप तरुण बेकर सगळीच्या सगळी विक्री देऊन टाकतात आणि साहित्य घरच्या डब्यांतून वापरतात. भावना खूप चांगली आहे, पण मग तो खर्च आईबाबा गुपचूप भरत असतात आणि काही दिवसांनी उपक्रम बंद पडतो. आम्ही दोन डबे ठेवलेत. विक्री आली की आधी साहित्याचा हिस्सा पहिल्या डब्यात, त्यातूनच पुढचं बटर आणि चॉकलेट येतं, उरलेलं दुसऱ्या डब्यात आणि त्याला कोणीच हात लावायचा नाही. लोकांनाही स्पष्ट सांगतो की खर्च वजा जाता उरलेलं सगळं निवाऱ्याला. कुणालाही ते खटकलं नाही, उलट विश्वास वाढला. वही धाकटी सांभाळते, पॅकिंगच्या पिशव्या आणि लेबलंसुद्धा खर्चात धरते, आणि संस्थेची पावती त्याच पानाला चिकटवते.

ही काही नवीन कल्पना नाहीये. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या मस्कोगी इथे 1917 मध्ये गर्ल स्काऊट मुलींच्या एका तुकडीने घरी कुकीज भाजून शाळेच्या कॅफेटेरियात विकल्या होत्या. पुढे 1922 मध्ये त्यांच्या मासिकात रेसिपी छापून आली तीसुद्धा हिशोबासकट, सहा ते सात डझन कुकीजना साहित्य 26 ते 36 सेंट, आणि विकायच्या 25-30 सेंट डझनाने. म्हणजे खर्च विक्रीच्या पाव हिश्श्याच्याही आत. इतक्या वर्षांपूर्वी मुलींच्या हातात रेसिपीबरोबर कॉस्टिंगही दिलं होतं, हे वाचून मला फार भारी वाटलं. आमचा खर्चाचा हिस्सा अजून त्याच्यापेक्षा जास्त आहे, चॉकलेट महाग पडतं, ते 200 वरून 160 ग्रॅमवर आणून चव टिकते का ते बघतोय.

लेबलवर गहू, दूध, अंडं, सोया ठळक लिहितो (सोया चॉकलेटमधल्या लेसिथिनमुळे, ते सोयाबीनपासून काढलेलं असतं). सुकामेवा वापरतच नाही, तरी त्याच किचनमध्ये घरचं काही ना काही होतं त्यामुळे "अंश असू शकतात" हेही लिहितो. समोरच्याने विचारायची वाट बघू नका, ॲलर्जीचा विषय आहे.

निवाऱ्याला आधी फोन करून विचारलं की नक्की काय हवंय, तर ते म्हणाले वस्तू नकोत, उपचारांसाठी पैसे द्या. धाकटीला उरलेल्या कुकीज तिथल्या कुत्र्यांना द्यायच्या होत्या, तिला समजावलं की चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि त्यांना विषारी ठरतं. तिने त्या दिवसापासून पिशवीवर स्वतःच्या हाताने "कुत्र्यांना देऊ नका" असंही लिहायला घेतलंय, प्रत्येक पिशवीवर, शेजारी पंजाचं चित्र काढून. घेणारे लोक त्यावरूनच निवाऱ्याबद्दल विचारतात.

पुढचं काम एगलेस बॅच. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं भिजवून. चव छान येतेय पण मध्य थोडा जास्त मऊ राहतो, ब्राऊन साखर कमी करून बघणार आहे. कुणी एगलेस कुकी फ्रीझरमधून थेट भाजत असाल तर किती डिग्रीला आणि किती मिनिटं ते सांगा ना, गोळ्याचं वजनही सांगा.