आमची वाटचाल : चोया निवडुंगाच्या सोबतीने

आम्ही नागपुरात रोपवाटिका सुरू केली, तेव्हा गुलाब, जास्वंद आणि संत्र्याची कलमे यांवरच आमचा सारा व्यवहार चालत असे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाऊ लागला की गच्चीवर तग धरेल असे झाड ग्राहक मागत, आणि त्या मागणीमुळेच आम्ही कॅक्टसकडे वळलो. आज आमची ओळख ज्या झुडपामुळे आहे, ते म्हणजे सिलिंड्रोपुन्शिया बिगेलोव्ही, अर्थात टेडी बेअर चोया.

कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना आणि वायव्य मेक्सिकोच्या वाळवंटांत वाढणारे हे झुडूप साधारण १ ते १.५ मीटर उंच होते. वनस्पतिशास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८५६ मध्ये त्याचे वर्णन ओपुन्शिया या प्रजातीत केले होते. पुढे ते वेगळ्या प्रजातीत गेले, आणि ते योग्यच झाले असे आम्हाला वाटते. ओपुन्शिया प्रजातीतल्या आपल्याकडील फड्या निवडुंगाची खोडे चपटी असतात, तर याची कांडी दंडगोलाकार असते आणि प्रत्येक काट्यावर कागदासारखे पातळ आवरण असते. फिकट सोनेरी काटे इतके दाट असतात की दुरून झुडूप लोकरीचे भासते. मात्र काट्यांवरील सूक्ष्म उलटे दाते कातडीत रुतले की सहज निघत नाहीत. म्हणून लहान मुलांच्या घरी आम्ही हे झाड देत नाही, मग विक्री गेली तरी चालेल.

या झुडपांपैकी पुष्कळांत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी सहसा धरत नाही. गळून पडलेली कांडीच जमिनीत मुळे धरते, आणि आमची लागवडही याच गुणावर उभी आहे: चिमट्याने कांडी काढायची, तिची जखम सावलीत वाळू द्यायची आणि मग ती जाड रेतीत उभी करायची. बहुतेक सर्व निवडुंग साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये असल्यामुळे आम्ही स्वतः वाढवलेलीच रोपे विकतो.

हे झुडूप रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेते व दिवसा ती मिटून पाणी राखते, त्यामुळे इथल्या उन्हाची आम्हाला फारशी काळजी नसते. खरी काळजी असते ती पावसाळ्याची, कारण नागपुरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सततच्या ओलीने मुळे कुजतात. जून ते सप्टेंबर सर्व कुंड्या पारदर्शक छताखाली असतात, आणि प्रत्येक ग्राहकालाही आम्ही हेच करायला सांगतो.