तिसरा वाटेकरी

जुलैतली दुपार. बाहेर ठाण्याला पावसाने झोडपलं होतं आणि मी एंडोस्कोपीच्या खोलीत मायक्रोस्कोप लावून बसले होते. निवृत्त शिक्षक, न दुखणारी कावीळ, स्वादुपिंडाच्या डोक्याशी जेमतेम 2 सेंटिमीटरची गाठ. सुईने काढलेल्या पेशी काचेवर पसरून, झटपट रंगवून, पुरेशा आहेत की सुई पुन्हा घालायची, हे तिथल्या तिथे सांगायचं, हे माझं काम.

पहिल्याच काचेवर कॅन्सर दिसला. एकाच पुंजक्यात एक केंद्रक शेजारच्याच्या चौपट. आणि मधोमध विभागणारी एक पेशी, तीन टोकांची.

निरोगी पेशी 46 गुणसूत्रांची नक्कल करते आणि दोन नव्या पेशींत सारखी वाटून देते. इथे वाटणीला तिसरा हिस्सेदार उभा. कुणाच्या पदरात किती पडेल, धरबंधच नाही. अशा बहुतेक पेशी मरतात. तगतात त्यांतल्या काही भलत्याच चिवट. हान्सेमान या जर्मन पॅथॉलॉजिस्टने कॅन्सरमधली अशी विषम विभाजनं 1890 सालीच नोंदवली होती. वाटणीत मागे राहिलेल्या गुणसूत्राभोवती इवलंसं वेगळं केंद्रक बनतं. ते फुटलं की डीएनए बाहेर सांडतो आणि विषाणू शिरल्यावर वाजावी ती धोक्याची घंटा पेशीत वाजतच राहते. तीच घंटा गाठीला पसरायला मदत करते, हे 2018 साली संशोधकांनी दाखवलं.

रिपोर्टात यातलं काहीच जात नाही. मी लिहिलं, ‘अॅडिनोकार्सिनोमा’, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर.

स्कॅनमध्ये शेजारच्या रक्तवाहिन्या गाठीपासून मोकळ्या होत्या, म्हणून ऑपरेशन ठरलं. आधी दुर्बीण घातली, तर यकृतावर पांढरे ठिपके. तुकडा फ्रोजनसाठी, म्हणजे गोठवून लगेच तपासायला, माझ्याकडेच आला. त्याच पेशी. गाठ न काढताच पोट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्या शिक्षकांचा मुलगा लॅबमध्ये आला. “मॅडम, सुपारीएवढी तर गाठ. आम्ही काविळीवर सहा आठवडे झाडपाला दिला, त्यात पसरलं का?”

“कधी पसरलं, ते काचेवरून कळत नाही,” मी म्हणाले. ते खरंच होतं. पण उतारवयात न दुखणारी कावीळ, अंगाला खाज, पांढुरकी शौच असेल तर आधी सोनोग्राफी करा, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते.

त्याने काच बघायला मागितली. तीन टोकांच्या पेशीवर नजर लावून तो बराच वेळ उभा होता. मग मी त्याला रक्ततपासणीचं सांगितलं: बीआरसीए जनुकात जन्मजात बिघाड निघाला, तर पेशीला तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही, आणि केमोथेरपीतली प्लॅटिनमवर्गातली औषधं तिथेच घाव घालतात.

संध्याकाळच्या कुरिअरने नमुना गेला.